हौद्यातलं अंथरूण

पितांबर भंगाळेनं लष्कराच्या लिलावातून मोटार आणली तेव्हा गावानं तिला पोटभर नावं ठेवली. पुढून मोटार आणि मागून उघडी बैलगाडी, असला प्रकार फैजपूरकडच्या त्या भागात कुणी पाहिला नव्हता. विकणाऱ्यानं तिला पिकअप म्हटलं होतं. गावानं ‘अर्धी लॉरी’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पण अर्ध्या लॉरीनं केळीचे घड सावद्याच्या स्टेशनावर न कुरकुरता पोचवायला सुरुवात केली, तेव्हा नावं ठेवणारेच आपापले घड घेऊन पितांबरच्या दारात उभे राहू लागले.

मग पंचावन्न सालच्या थंडीत पितांबरनं गाडीत झोपायचं खूळ काढलं आणि गावाला पुन्हा काम मिळालं.

कारण सांगायला सरळ होतं. त्याच्या बायकोचे, इंदिराबाईचे गुडघे धरले होते. अडावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तिथे गोमुखातून कढत पाण्याची धार कुंडात पडते, आणि पौषात चार दिवस तिथे राहून अंघोळी केल्या की सांधे मोकळे होतात असं जो तो सांगायचा. राहायला तिथे देवळाची पडवी, तीही यात्रेकरूंनी गच्च भरलेली. तेव्हा गाडीतच झोपायची सोय करावी. इथपर्यंत कुणालाही पटावं. मुलांना पटलं, सुनांना पटलं. खरं कारण मात्र पितांबरनं कुणाला सांगितलं नव्हतं. एक्कावन्न वर्षांच्या, दोन सुना घरात असलेल्या माणसानं ते सांगितलं असतं तर त्याला तोंड लपवायला केळीची बागही पुरली नसती.

खरं कारण असं की त्याला बायकोशी बोलायचं होतं.

त्यात काय एवढं, असं ज्याला वाटेल त्यानं तेव्हाची भरलेली घरं पाहिलेली नाहीत. त्या घरांत एक रीत होती. थोरली सून उंबरा ओलांडून आत आली की सासऱ्याची खाट ओट्यावर जायची. कुणी सांगत नसे, कुणी विचारत नसे. पितांबरच्या थोरल्याचं लग्न लागलं, वरात घरी आली, आणि त्या संध्याकाळी त्यानं पाहिलं तर त्याची खाट ओट्यावर, उशीसकट. आतली खोली नव्या जोडप्याला गेली. इंदिराबाईचं अंथरूण माजघरात, पितांबरच्या थोरल्या बहिणीशेजारी. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

दिवसा नवरा-बायकोनं समोरासमोर बोलायची सोयच नव्हती. इंदिराबाई दाराआडून सुनेला सांगायची, “आबाले इचार, दूध पाह्यजे का.” सून विचारायची, पितांबर सुनेला उत्तर द्यायचा, आणि ते उत्तर इंदिराबाईनं ऐकलेलंच असायचं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. असता तर निदान तो मिटवता तरी आला असता.

पूर्वी, ती खोली त्यांची होती तेव्हा, इंदिराबाई अंधारात दिवसभराचं सगळं सांगायची. विहिरीवर कोण कुणाला काय म्हणालं, कोणत्या गाईनं लाथ मारली, डाळीत खडे किती निघाले. पितांबर दमलेला असायचा, अर्ध्यावर झोपून जायचा. त्या बोलण्याची त्याला कधी किंमत वाटली नाही. आता ओट्यावर पडल्या पडल्या त्याला वाटायचं, कुणी येऊन डाळीतले खडे सांगितले तर आपण पहाटेपर्यंत ऐकू. पण सांगायला कुणी नव्हतं. रस्त्यावरची कुत्री होती, ती आपापसात बोलत.

तर हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. गाडी, उनपदेव, चार रात्री आणि ताडपत्रीखाली दोघं. बस, एवढंच.

खळ्यात गाडी उभी करून त्यानं आधी आपली खाट मागच्या उघड्या हौद्यात चढवली. चाकांवरचे लोखंडी उंचवटे दोन्ही बाजूंनी आत आलेले. खाटेचा एक पाय उंचवट्यावर आणि तीन खाली, त्यामुळे तिच्यावर बसलं की ती म्हशीसारखी कलायची. खाट उतरवली. मग हौद्यात वाळका केळीचा पाला अंथरला, वर घोंगडी टाकली आणि पितांबर भर दुपारी जाऊन त्यात निजला. दोन उंचवट्यांच्या मधे जागा चांगली होती, उबदार होती, पण माणूस त्यात एकच मावायचा. कूस वळवली की खांदा लोखंडाला. खळ्याच्या भिंतीवरून शेजारचा बन्सीलाल म्हणाला, “काय आबा, घर सोडलं का?” पितांबरनं डोळे मिटून घेतले.

शेवटी त्यानं उखर्डू सुताराला बोलावलं. उंचवट्यांच्या वरून आडव्या फळ्या टाकायच्या, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खी रुंदी मोकळी. सामान फळ्यांखाली. वर बांबूच्या कमानी आणि ताडपत्री.

उखर्डूनं हौद्यात वाकून पाहिलं. “आबा, काकूले झोपाले खालची जागा पुष्कय हाये. फया कायले घालता? सागवान काय फुकट येते का?”

“घाल म्हनतो ना मी.”

“रुंदी किती धरू?”

“आहे तेवढी.”

“म्हंजे झोपनार किती जन?”

पितांबरनं केळीच्या बागेकडे पाहिलं. बागेनं काही मदत केली नाही. “खाली सामान ठेवाचं हाये,” तो म्हणाला. उखर्डूनं पेन्सिल कानावर ठेवली आणि करवत उचलली. सुतारानं जास्त विचारलं नाही याबद्दल पितांबरनं त्याचे मनातल्या मनात आभार मानले. खरं तर सुताराला विचारावंसं काही वाटलंच नव्हतं. या वयाचा माणूस बायकोशेजारी निजायला उघड्या गाडीत जागा करतोय, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. बाप्या गाडीखाली निजतो, बाई वर निजते, ही गोष्ट त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

घरच्या कापसाची नवी गादी पितांबरनं पिंजाऱ्याकडून त्याच रुंदीची भरून आणली आणि फळ्यांवर घातली. मग तो सबंध दिवस खळ्यात उगाच घुटमळत राहिला. बायको पाहायला येईल, असं त्याला आतून वाटत होतं.

ती आली. उन्हं कलल्यावर, एका हातानं भिंत धरत, गुडघ्यांची मनधरणी करत. पितांबर गोठ्याच्या कुडाआड सरकला. स्वतःच्या खळ्यात स्वतःच्या बायकोला चोरून पाहणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण कुडाच्या फटीवरून त्याची नजर हटेना. इंदिराबाईनं आजूबाजूला पाहिलं. ताडपत्री वर केली. गादीवर हात दाबून पाहिला. मग तिनं अंगठा आणि करंगळी ताणून गादीची रुंदी वितींनी मोजली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मोजून झाल्यावर ती हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली.

समजली! पितांबरला वाटलं, समजली. पुढचे आठ-दहा दिवस तो हवेत होता. केळी तोलताना त्याचा हिशेब चुकला, नातवाला त्यानं उगाच दोनदा खांद्यावर घेतलं, आणि रात्री ओट्यावर पडून तो मनात मांडे खात राहिला. पहिल्या रात्री तीच बोलेल. आपण फक्त जागं राहायचं. या खेपेला झोपायचं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं हँडल मारून गाडी सुरू केली आणि पुढे बसून वाट पाहू लागला. इंदिराबाई आली. तिच्यामागून एक बोचकं आलं, आणि बोचक्यामागून शेवंताबाई आली.

शेवंताबाई म्हणजे त्याची थोरली बहीण, घरातली अक्का. लग्न झालं तेव्हा ती परकरात होती आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला. तेव्हापासून ती माहेरीच. तिनं भावाची मुलं वाढवली, नातवंडं वाढवली, सगळ्यांची दुखणी काढली, आणि गावाच्या शिवेबाहेर जे पाहिलं ते कुणाच्या तरी मयतीला जाताना पाहिलं. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

“पितांबर,” ती खिडकीशी येऊन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “इंदिरानं सांगतलं मले. तुनं मायासाठी जागा केली म्हने गाडीत. अरे, माया जल्मात कोनी मायासाठी अंथरून केलं नाही रे. मीच घालत आली सगयांची.”

पितांबरनं तिच्या खांद्यावरून बायकोकडे पाहिलं. इंदिराबाई खाली मान घालून उभी होती. तिनं आपलं कर्तव्य केलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याखेरीज काही दिसत नव्हतं.

“बस अक्का,” तो म्हणाला. “बस पुढं.”

पुढच्या बाकावर तिघं बसली. सख्खी बहीण मधे आणि बायको पलीकडच्या दाराशी, कारण बायकोनं नवऱ्याला खेटून बसणं चारचौघांत बरं दिसलं नसतं. धाकट्या सुनेनं आबांचं अंथरूण वेगळं बांधून दिलं होतं, एक घोंगडी आणि एक गोणपाट, गाडीखाली घालायला. ते तिनं न विचारता दिलं होतं. म्हणजे सगळ्या घराला आधीपासून ठाऊक होतं की आबा कुठे निजणार. एकट्या आबांनाच ठाऊक नव्हतं.

यावल गेलं, अडावद गेलं. शेवंताबाई सगळ्या वाटेवर बोलत होती. हे कुणाचं शेत, तो डोंगर आपल्याकडून दिसतो तोच का, त्या बायका डोक्यावर काय नेतायत. इंदिराबाई तिला उत्तरं देत होती. पितांबर गाडी चालवत होता. त्याला बहिणीचा राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. तिच्या वाट्याला जे कधी आलंच नाही ते आज चुकून आलं, आणि तेसुद्धा आपल्याला तिच्या हातून काढून घ्यावंसं वाटतंय, म्हणजे आपण कसले भाऊ!

उनपदेवला पोचल्यावर त्यानं कुंडापासून थोडं अलीकडे चिंचेखाली गाडी लावली. बायकांनी तीन दगडांची चूल मांडली. भाकरी झाल्या, वांग्याचं भरीत झालं. अंधार पडायच्या आत शेवंताबाई फळ्यांवर चढली, गादीवर बसून तिनं दोन्ही बाजूंनी हात पसरले आणि लहान पोरीसारखी हसली. “इंदिरा, आपुन दोघी मावून बी जागा उरते व!”

उरते, पितांबर मनात म्हणाला. चांगलीच उरते.

तेवढ्यात जळाऊ लाकडं विकायला आलेला सिंगा नावाचा पावरा आदिवासी तिथे थांबला. पलीकडच्या टेकडीवर त्याची झोपडी होती. पितांबर गाडीखाली गोणपाट अंथरतोय हे पाहून त्याला ते बरोबर वाटलं नाही. “भाऊ,” तो म्हणाला, “मना घरमा खाट शे. आठे भुईवर काबर झोपस? थंडी मोठी शे.”

चांगला माणूस. घरातली एकुलती खाट परक्याला द्यायला निघाला होता. पितांबरनं गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “नको भाऊ. गाडीची राखन करा लागते.”

गाडी कोण नेणार होतं? हँडल त्याच्या उशाला होतं. राखणीचं निमित्त होतं. सिंगाच्या खाटेवर ऊब मिळाली असती, पण ती टेकडीपलीकडे होती, आणि इथे गाडीखाली, हात वर केला तर हौद्याच्या पत्र्याला लागत होता. त्या पत्र्याच्या वर फळ्या, फळ्यांच्या वर गादी, आणि गादीवर बायको. आठ वर्षांत तो तिच्या इतक्या जवळ निजला नव्हता. हे त्याला स्वतःशी कबूल करताना फार एकटं वाटलं.

वर शेवंताबाईचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता, आणि मधून मधून इंदिराबाईचं हुंकारणं. तो कान देऊन ते हुंकार ऐकत राहिला. थोड्या वेळानं तेही थांबले आणि कुंडात पडणाऱ्या धारेचा आवाज तेवढा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीसाठी डबा घेऊन पाणी भरायला कुंडावर गेला. पहाटेची गर्दी ओसरली होती. इंदिराबाई पायरीवर गुडघ्यांपर्यंत पाय पाण्यात सोडून बसली होती. शेवंताबाई पलीकडे, बायकांच्या आडोशाला अंघोळ करत होती. वाफेमुळे धड कुणी दिसत नव्हतं. पितांबर दोन पायऱ्या सोडून खाली बसला आणि डबा पाण्यात धरला.

“थंडी वाजते का खाली?” इंदिराबाईनं विचारलं.

त्यानं दचकून मागे पाहिलं. सून नव्हती, नातू नव्हता, मधे कुणीच नव्हतं. तिनं त्यालाच विचारलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “वाजते थोडी. तुहे गुडघे?”

“बरे हाये.” ती पाण्याकडे पाहत होती. “एक इचारू? फया कायले घातल्या? खालची जागा मले पुरली असती.”

 तो काही सांगायच्या आत तीच पुढे बोलली. “मी येऊन मोजली व्हती. आपल्या खय्यात. एवढी रुंदी पाह्यली आन् समजली, का तुमी अक्काले बी न्यायचं म्हनता. हसू आलं मले. म्हटलं, बोलत नाही मानूस, पन बहिनीची आठवन हाये त्याले. बरं वाटलं.” तिनं पाण्यात पाय हलवले. “आन् वाईट बी वाटलं.”

“वाईट काहून?”

“एकटीपुरती जागा असती तं मी कोनाले इचारलंच नसतं. एकटीच आली असती.” तिनं पदर कानापाशी घट्ट केला. “तुमी खाली असते, मी वर असती. मधात पत्रा. पत्र्यातून आवाज तं आला असता ना. कितीक वर्सं झाली, मी तुमाले काही सांगतलं नाही. मले वाटलं व्हतं, सांगीन.”

डबा केव्हाच भरला होता. पितांबरनं तो वर काढला नाही. पायरीवर कुणी शेंदूर सांडला होता, तो पाहत तो म्हणाला, “मी ती जागा अक्कासाठी केली नव्हती.”

इंदिराबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

“तुह्यासाठी आन् मायासाठी केली व्हती,” तो म्हणाला.

ती हसेल, किंवा पदरात तोंड खुपसून ‘लोकं काय म्हनतील’ म्हणेल, असं त्याला वाटलं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाफेमुळे नव्हतं.

“मंग सांगतलं काहून नाही?”

“कुठी सांगू?” पितांबर म्हणाला. “ओट्यावर?”

 सांगायला घरात जागा असती तर ही गाडी, ही गादी, हे एवढं दूर येणं, काहीच लागलं नसतं.  बोलायला आता कुणाची आडकाठी नव्हती आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

आडोशातून शेवंताबाई आली. ओले केस पिळत, गरम पाण्यानं लाललाल झालेली, वीस वर्षांनी लहान दिसत होती. ती येऊन पायरीवर दोघांच्या मधोमध बसली, कारण मोकळी जागा तिथेच होती. “काय गुन हाये पान्याचा!” ती म्हणाली. “आन् झोप तं अशी लागते मले त्या गादीवर का काय सांगू. पितांबर, पुढल्या पौषात आठ दिस ऱ्हाऊ आपुन. ऱ्हायचं ना रे?”

 इंदिराबाईनं पदरानं चेहरा पुसला आणि शेवंताबाईच्या पाठीवरचे ओले केस हातानं सारखे केले.

“ऱ्हाऊ अक्का,” ती म्हणाली. “जागा पुष्कय हाये.”

पितांबर डबा घेऊन उठला आणि गाडीकडे चालू लागला. मागून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्यात अक्काचाच जास्त होता.